आधी सूची करा, स्कॅनर नंतर आणा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावातल्या इतिहास मंडळाला किंवा जुन्या वाचनालयाला दप्तर, म्हणजे जुनी कागदपत्रे, जपण्यासाठी थोडा पैसा मिळाला, की पहिली खरेदी स्कॅनरची होते. बस्ते (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सुटतात, पाने काचेवर दाबली जातात, हार्ड डिस्क भरते. मग एखादा अभ्यासक येऊन विचारतो, अमुक गावच्या तलावाच्या पाणीवाटपाचे काही आहे का? तेव्हा उत्तर देता येत नाही. हजारो चित्रे असतात, पण कोणते पान कोणत्या घरचे, कोणत्या बस्त्यातले आणि कोणत्या कागदाच्या शेजारचे, हे कुठेच लिहिलेले नसते. हा क्रम उलटा व्हायला हवा म्हणून हे पत्र. आधी सूची, मग बांधणी आणि जागा, आणि स्कॅनिंग त्यानंतर. मृग लागायच्या आत पहिली दोन कामे बरीचशी होऊ शकतात.

आपल्याकडच्या खासगी संग्रहांत काय निघते, ते गाव वऱ्हाडातले की नागपूर प्रांतातले यावर बरेच अवलंबून असते. वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला आणि तिथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी, म्हणजे थेट शेतकऱ्याकडून सारा घेण्याची, मोजणी झाली. म्हणून अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ या भागांत देशमुख, देशपांडे, पाटील यांच्या घरी परगण्याचे हिशेब, वतनाचे वाद, इनामाच्या सनदांच्या नकला निघतात. त्यांच्या खालोखाल कापसाच्या अडतीच्या खतावण्या आणि रोजमेळ. पूर्वेकडे नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाले आणि पुढे मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा मालगुजारामार्फत वसूल करण्याची पद्धत, बसली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांतल्या मालगुजारांच्या वाड्यांत जमाबंदी, खसऱ्याच्या नकला, वाजिब-उल-अर्जाचे (गावच्या रूढी आणि हक्कांच्या नोंदीचे) उतारे, कुळांच्या पावत्या आणि तलावाची पाळ दुरुस्त करणाऱ्या मजुरांच्या याद्या असतात. ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. जमिनीचे मुख्य अभिलेख सरकारकडे होतेच. पावत्या, मजुरीच्या चिठ्ठ्या, लग्नाच्या खर्चाच्या वह्या मात्र वाड्याच्या माळ्यावर राहिल्या. महसूल खात्यात कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात आणि ड वर्गाचे कागद वर्षभरानंतर काढून टाकायचे असतात. त्यामुळे रोजच्या व्यवहाराचा कागद सरकारी कोठीत टिकतच नाही. तो टिकला असेल तर याच घरांत, आणि कवेलू उतरवून टिन टाकताना किंवा वाटणीनंतर वाडा पाडताना तो रद्दीत जातो.

सूचीने काय घडू शकते, याचे उदाहरण विदर्भातच आहे. कारंजा लाड इथल्या जैन भांडारांतल्या पोथ्या शतकानुशतके तिथेच होत्या. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची केली, ती १९२६ साली नागपुरात छापली गेली. कारंज्याच्या पोथ्यांमध्ये अपभ्रंश भाषेतले ग्रंथ आहेत, हे त्या सूचीतून अभ्यासकांपुढे आले. पुढच्या काही वर्षांत जैन कवी पुष्पदंत याच्या अपभ्रंश काव्यांच्या संपादित आवृत्त्या कारंज्याच्या ग्रंथमालेतूनच निघाल्या. पोथ्या कारंज्यातच राहिल्या होत्या; नव्याने झाली होती ती यादी. आज प्रत्येक तालुक्याला अशा यादीची गरज आहे, आणि तिच्यासाठी रायबहादूरांइतकी विद्वत्ता लागत नाही. दोन चिकाटीची माणसे, वही, पेन्सिल आणि ठरलेली पद्धत एवढे पुरते.

ही गरज संशोधकांपुरती नाही. जातपडताळणीसाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींना ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ या दिनांकांपूर्वीचा पुरावा लागतो. शाळेचे दाखल-खारीज, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद आणि जुना हक्कलेख यांसाठी माणसे महिनोन्‌महिने हेलपाटे घालतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा करणाऱ्या ग्रामसभांना निस्तारपत्रक (जंगल आणि सामाईक जमीन वापरण्याच्या हक्कांची नोंद), वाजिब-उल-अर्ज, जुने नकाशे शोधावे लागतात. इतर पारंपरिक वननिवासींना तर १३ डिसेंबर २००५ च्या मागे तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, जावे लागते. मंडळाच्या कपाटातली मालगुजारी वही हा सरकारी दाखल्याला पर्याय नव्हे. पण गावाचे जुने नाव, मौज्याचा बंदोबस्त क्रमांक, पणजोबाचे वडिलांच्या नावासकट नाव तिच्यातून कळले, तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नेमके काय मागायचे ते समजते. आणि एक गोष्ट मंडळांनी मनावर घ्यावी. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून पुढे आला तर न्यायालय त्याच्या खरेपणाबद्दल अनुमान करू शकते, असे साक्ष्य कायदा सांगतो. ‘योग्य ताबा’ दाखवायचा कशाने? कागद कोणी, कधी, कोणत्या अवस्थेत दिला हे लिहिलेल्या दाखल नोंदवहीने. ती नसेल तर कपाटातला उत्तम कागदसुद्धा पोरका ठरतो.

आता सूचीची पद्धत. मंडळाकडे काहीही आले, की त्या दिवशीच दाखल नोंदवहीत ओळ पडली पाहिजे: क्रमांक, दिनांक, देणाऱ्याचे नाव-गाव, कागद मुळात कोणाचे होते, दान आहे की सांभाळायला दिले आहे, बस्ते किती. दान असेल तर साध्या कागदावर दानपत्र घ्या आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट करा: मालकी कोणाची, छापायची परवानगी आहे का, आणि पुढे मंडळ बंद पडले तर संग्रह कुठे जाईल. तिसरी गोष्ट कोणी लिहीत नाही. पण मंडळे चार-पाच माणसांच्या उमेदीवर चालतात. ती माणसे थकली की संग्रह अध्यक्षांच्या घरी जातो, आणि पुढची पिढी तो आपलाच समजते.

बस्ता सोडण्याआधी त्याचा आहे तसा फोटो घ्या. टेबलावर धुतलेले मांजरपाट अंथरा. नवे मांजरपाट दोनदा गरम पाण्यातून काढल्याशिवाय वापरू नका, कारण त्यातली खळ कसरीला (कागद खाणाऱ्या किड्याला) आवडते. हात धुऊन कोरडे करा. पाने बोट ओले करून उलटू नका. आतला क्रम बदलू नका. इथेच सर्वांत जास्त नुकसान होते, कारण ते सद्‌हेतूने होते. मंडळात उत्साही शिक्षक येतात आणि ‘विषयवार’ लावणी सुरू करतात: १९३० च्या जंगल सत्याग्रहाचे कागद एका फाइलीत, १९४२ च्या आष्टी-चिमूरचे दुसऱ्या, लग्नपत्रिका तिसऱ्या. दोन वर्षांनी ते पत्र कोणाच्या घरचे हे सांगायला कोणी उरत नाही. बिनतारखेच्या चिठ्ठीची तारीख बहुतेक वेळा तिच्या वरच्या-खालच्या पावत्यांवरून लागते, आणि सही नसलेल्या मजकुराचा हात शेजारच्या सहीच्या पत्रावरून ओळखता येतो. जुडी, म्हणजे एकत्र बांधलेले कागद, मोडली की हा पुरावा गेला. विषयवार शोध हवा असेल तर तो सूचीत करा. कागद जागचा हलवू नका.

नोंद चार पायऱ्यांची असते: संग्रह, बस्ता, जुडी, कागद. पहिल्या फेरीत बस्त्यापाशी थांबा. कागदन् कागद वाचायचा मोह झाला की काम पहिल्याच बस्त्यात अडकते आणि उरलेले तसेच पावसाळ्यात शिरतात. एका बस्त्याला वीस मिनिटे ते अर्धा तास पुरतो. त्यात लिहायचे: क्रमांक, मूळ संग्रह, साधारण कालखंड, लिपी आणि भाषा, पानांची मोजलेली संख्या, लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, कागद हातकागद की गिरणीचा, शाई, दोष, आणि दोन ओळींत आशय. ‘जुने मोडी कागद’ ही नोंद नव्हे. ‘मालगुजारी हिशेब, तीन मौजे, साधारण १८९० ते १९२५, मोडी व देवनागरी, ४१२ पाने, पैकी १७ कसर लागलेली, तलावाच्या पाळीच्या मजुरीच्या याद्या, एक हाताने काढलेला नकाशा’ ही नोंद झाली. गावांची नावे जितकी दिसतील तितकी लिहा, कारण शोधणारा दहापैकी नऊ वेळा गावाच्या नावानेच येतो.

क्रमांक टाकायचा तो २बी पेन्सिलीने, कागदाच्या मागे खालच्या कोपऱ्यात, हलक्या हाताने. बॉलपेनची शाई पाझरते. मंडळाचा जांभळा रबरी शिक्का तर सक्तीने बंद करा. मजकुरावर उठवलेले असे शिक्के अनेक संग्रहांत दिसतात. ती शाई पाण्याने पसरते आणि खालची अक्षरे घेऊन जाते. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजून कागदाला भोक पाडतात. त्या ओढून काढू नका. पातळ प्लॅस्टिकची पट्टी खाली सरकवून टोके सरळ करा, मग काढा. रबरबँड उन्हाळ्यात वितळून चिकटतो. त्याच्या जागी सुती फीत, तीही सैल बांधलेली.

मोडी येत नाही म्हणून सूची अडली, हे कारण पहिल्या फेरीला लागू नाही. मोडीतले आकडे, महिन्यांची नावे आणि आपल्या तालुक्यातली पंचवीस-तीस गावांची नावे ओळखता आली तरी बस्त्याची नोंद होते. पूर्ण वाचनासाठी राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेते. तालुक्यातून दोन तरुणांना तिकडे पाठवणे हा स्कॅनरपेक्षा चांगला खर्च आहे. महानुभावांच्या पोथ्या मात्र वेगळ्या. सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिपींतली पोथी मोडीवाल्यालाही लागणार नाही. तिथे ‘लिपी सांकेतिक, महानुभाव’ एवढे लिहून थांबावे, पंथातल्या जाणकाराला विचारावे, आणि ज्या मठाची किंवा घराण्याची पोथी असेल त्यांच्या संमतीशिवाय तिचा फोटोही घेऊ नये.

तारखांचा गोंधळ सूचीत सर्वांत जास्त दिसतो, म्हणून त्यावर थोडे अधिक. शके असेल तर ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतचा कागद असेल तर ७९. फसली हा महसुली सन; त्यातला दख्खनी फसली सन मृगाच्या सुमारास बदलतो. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९० आणि पुढे ५९१ मिळवायचे. उत्तरेकडची फसली मात्र दोन वर्षांनी मागे असते: फसली १३०० दख्खनी हिशेबाने १८९०-९१ येते, उत्तरेच्या हिशेबाने १८९२-९३. विदर्भ दोन्हींच्या सीमेवर आहे, तेव्हा कोणती धरली हे तपासल्याशिवाय इसवी सन पक्का करू नका. मराठी कागदांतला शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो: ‘इहिदे अशर मयातैन व अलफ’ म्हणजे एक, दहा, दोनशे आणि हजार, एकूण १२११, त्यात ५९९ मिळवले की १८१०, आणि जानेवारी किंवा त्यापुढचा, मृगाआधीचा महिना असेल तर १८११. नोंदवहीत मूळ सन जसा आहे तसा आधी लिहा आणि इसवी सन कंसात द्या. नुसता इसवी सन लिहिला आणि हिशेब चुकला, तर पुढच्या माणसाला चूक पकडायला काही राहत नाही.

तारीखच नसेल तर मथळे आणि शिक्के बोलतात. ‘वणी जिल्हा’ असेल तर १९०५ पूर्वीचा, कारण त्या वर्षी त्याचे नाव यवतमाळ झाले. त्याच फेरबदलात वाशीम जिल्हा मोडून अकोला आणि यवतमाळ यांत वाटला गेला, आणि एलिचपूर (आजचे अचलपूर) अमरावतीत गेला. ‘मध्यप्रदेश’ शिक्का असेल तर १९५० ते १९५६, ‘मुंबई राज्य’ असेल तर १ नोव्हेंबर १९५६ ते ३० एप्रिल १९६०. हिशेबात आणे-पै नसून नवे पैसे आले असतील तर वही १ एप्रिल १९५७ नंतरचीच. जिल्ह्यांच्या याच मोडतोडीमुळे शोधही भरकटतो. गडचिरोलीच्या गावाचे १९८२ पूर्वीचे सरकारी कागद ‘चांदा’ किंवा चंद्रपूर या नावाखाली शोधायचे, गोंदियाचे १९९९ पूर्वीचे भंडाऱ्यात, वाशीमचे १९९८ पूर्वीचे अकोल्यात. १८५३ ते १९०३ या काळातला वऱ्हाडचा वरिष्ठ पत्रव्यवहार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत, म्हणजे निजामाच्या दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीमार्फत, चाले. त्या रेसिडेन्सीचे दप्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. नागपूरच्या अभिलेखागारात मध्यप्रांताचे सचिवालयीन कागद आहेत. तालुक्याच्या सूचीत शेवटचा रकाना ‘संबंधित सरकारी दप्तर कुठे’ असा ठेवला तर येणाऱ्याची एक खेप वाचते.

जागेबद्दल. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि हवा कोरडीठाक असते. जुलैत तीच हवा ओथंबलेली. कागद उन्हाळ्यात आकसतो, पावसात फुगतो, आणि ही ओढाताणच त्याला मारते. म्हणून थंडावा किती यापेक्षा बदल किती सावकाश होतो हे पाहावे. जाड मातीच्या भिंतींची, पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे असलेली, वर माळा असलेली खोली नव्या टिनाच्या शेडपेक्षा चांगली. आणि दप्तराच्या खोलीत कूलर नको. वाळ्याच्या ताट्यांतून येणारी हवा माणसाला गार वाटते, पण ती बंद खोलीत पाणी भरते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशीला वाट मिळते. साधा तापमान-आर्द्रता मापक हजार रुपयांच्या आत येतो. तो भिंतीला लावा आणि रोज सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. वर्षभराची ती वही हाती असली की निधी मागताना अंदाजाने बोलावे लागत नाही.

उधई, म्हणजे वाळवी, हा आपल्याकडचा पहिला शत्रू. लोखंडी रॅक घ्या, खालचा कप्पा जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर, आणि रॅक भिंतीपासूनही तेवढाच दूर ठेवा. ती जागा वाया जात नाही. उधईची मातीची नळी भिंतीवर चढताना दिसावी म्हणून ती असते. रॅक भिंतीला टेकवला तर नळी मागून कप्प्यात जाते आणि बाहेरून बस्ता अखंड दिसत असताना आतून पोकळ होतो. आठवड्यातून एकदा टॉर्च घेऊन मागे पाहायचे. डांबरगोळ्या उधईला रोखत नाहीत, आणि त्यांची वाफ बंद खोलीत बसणाऱ्या माणसाला बाधते. वेखंडाची पूड आणि वाळलेला कडुलिंब पातळ कापडाच्या पुरचुंडीत ठेवायला हरकत नाही, पण पाला पानांमध्ये घालू नका. त्याचे डाग पडतात आणि चुरा किड्यांना बोलावतो. कसर किंवा कीड लागलेला बस्ता नव्या संग्रहातून आला असेल तर तो सरळ रॅकवर ठेवू नका. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा, डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ते २० अंशांवर दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड कागदावर दव धरते. फोटो, काचेच्या निगेटिव्ह आणि लाखेचे शिक्के असलेले कागद यात घालू नयेत.

गळतीने कागद भिजलाच, तर हाताशी ४८ तास असतात. त्यानंतर बुरशी धरते. उन्हात वाळवू नका, इस्त्री फिरवू नका. पंखा हवेत फिरता ठेवा, कागदावर रोखू नका. टीपकागद किंवा पांढरे सुती कापड खाली-वर ठेवून तासातासाने बदला. शाई कोणती हे आधी पाहा. हातकागदावरची काजळीची काळी शाई पाण्याने सुटते, म्हणून ती पुसायची नाही, नुसती टिपायची. इंग्रजी अमदानीतली टाकाची निळी-काळी शाई लोहयुक्त असते. ती तपकिरी होत होत कागदच खाते, आणि दमट हवेत हे खाणे वेगाने चालते. ज्या पानांवर ओळींच्या जागी चिरा दिसतात ती दुमडू नका, सपाट ठेवा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणे आणि दुकानातून लॅमिनेशन करून आणणे, या दोन उपचारांनी उधईखालोखाल नुकसान केले आहे. लॅमिनेशनचे प्लॅस्टिक उष्णतेने कागदाच्या तंतूंत बसते. ते सुखरूप काढणे जवळजवळ अशक्य. सनदेला मान द्यायचा म्हणून तिला लॅमिनेट करून फ्रेम करतात. तिचा फोटो फ्रेम करा, सनद अंधारात सपाट ठेवा.

हे सगळे झाले की स्कॅनिंग. बांधीव वह्या सपाट स्कॅनरवर उताण्या दाबू नका, पाठीचा कणा मोडतो. स्टँडवर खाली तोंड केलेला कॅमेरा, दोन बाजूंनी ४५ अंशांवर दोन दिवे, आणि वही ठेवायला व्ही आकाराचा लाकडी पाळणा, हे गावचा सुतार करून देतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याने ए-३ आकाराचे पान घेतले तर इंचाला सुमारे ३४० पिक्सेल मिळतात. हस्तलिखित वाचायला तेवढे पुरतात. प्रत्येक जुडीच्या पहिल्या चित्रात सेंटिमीटरची पट्टी आणि सूचीतला क्रमांक दिसला पाहिजे. कोरी वाटणारी पाठही घ्या, कारण शेरे, पोच आणि मुद्रांकाची नोंद बहुधा पाठीवरच असते. मोबाइलवरची ॲप कडा कापतात आणि पान काळे-पांढरे करतात. समासातली फिकट टीप, तांबडी खूण त्यातून नाहीशी होते. फाइलीचे नाव सूचीवरून द्या: संग्रह ०७, बस्ता ०१२, पान ००४५. कॅमेऱ्याने दिलेले नाव तसेच राहिले तर सूचीचा आणि चित्राचा धागा तुटतो. जागेचा हिशेबही आधी करा. ए-४ पान इंचाला ४०० पिक्सेलने, रंगीत आणि दाबून लहान न करता ठेवले तर सुमारे ४६ मेगाबाइट होते, म्हणजे दहा हजार पानांना ४६० गिगाबाइट. तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक प्रत दुसऱ्या गावी. आणि वर्षातून एकदा डिस्क लावून चित्रे उघडून पाहणे. कपाटात ठेवलेली डिस्क न सांगता मरते.

सूचीआधी स्कॅनिंग करावे असे दोन अपवाद आहेत. एक, लाकडी लगद्याच्या कागदावरची वर्तमानपत्रे आणि हँडबिले. तो कागद स्वतःच्या आम्लाने तुटत जातो, कितीही जपला तरी. दुसरा, कॅसेटा. दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्ये, गोंडी, कोरकू आणि कोलामी गाणी यांची घरगुती ध्वनिमुद्रणे अनेक मंडळांत आहेत. फीत चिकटते, आणि तिला वाजवणारे चांगले यंत्रही आता मिळेनासे झाले आहे. या दोन्हींसाठी वाट पाहू नये.

काय खुले ठेवायचे याचाही विचार हवा. सूची सगळ्यांसाठी खुली असावी. मूळ पाने मात्र सगळीच नकोत. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्या काळच्या हजेरीच्या याद्यांतली नावे आज हयात असलेल्या कुटुंबांची आहेत. आजार, घरगुती तंटे, जातीवरचे शेरे यांची पाने मागणाऱ्याला कारण विचारून समोर बसवून दाखवावीत, इंटरनेटवर टाकू नयेत. कोतवाल बुक किंवा शाळेचे मूळ दाखल-खारीज कोणाच्या घरी निघाले तर मंडळाने ते ठेवून घेऊ नये. नोंद करावी, फोटो घ्यावेत आणि पावती घेऊन तहसीलच्या अभिलेख कक्षात किंवा शाळेत परत द्यावे. त्या नोंदींत कोणी अक्षर वाढवल्याचा संशय पुढे आला, तर मंडळाकडचे दिनांकित चित्र कामी येते. पंचाहत्तर वर्षांहून जुने, ऐतिहासिक मोलाचे हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि ते देशाबाहेर नेता येत नाही, हेही पोथ्या विकत घेत फिरणाऱ्यांना सांगायला हवे.

जिल्हा नियोजन समितीकडे आमची मागणी साधी आहे. दप्तर जतनाच्या कोणत्याही प्रस्तावात यंत्राच्या बिलाआधी छापील सूची मागावी, आणि सूची करणाऱ्या दोन माणसांचे मानधन खर्चाच्या बाबींत धरावे. सूचीच्या प्रती जिल्हा ग्रंथालयात, नागपूरच्या अभिलेखागारात आणि विदर्भ संशोधन मंडळात ठेवाव्यात. १९३४ पासून नागपुरात हेच काम करणाऱ्या त्या संस्थेला तालुक्यांतून आलेल्या याद्या मिळाल्या, तर कोणत्या गावात काय आहे हे एका जागी पाहता येईल.

आपल्या दैनिकालाही एक विनंती. जिल्हा कार्यालयांत आपल्या जुन्या अंकांचे बांधीव खंड आहेत. ते उभे ठेवले असतील तर कृपया आडवे करून घ्यावेत, एकावर एक तीनपेक्षा जास्त नकोत, आणि कोणत्या वर्षांचे कोणते महिने शिल्लक आहेत याची यादी रविवारच्या अंकात छापावी. गहाळ महिने वाचकांच्या घरी निघतील.

आपले,
स्थानिक इतिहास मंडळाचे दप्तर सांभाळणारे कार्यकर्ते,
यवतमाळ जिल्हा